आत्याचा तिसरा गिअर

आत्या यायची तेव्हा आधी वास यायचा, मग आवाज, आणि बऱ्याच वेळाने आत्या.

आत्या म्हणजे एक ट्रक. बाबांच्या काळापासून तो या गॅरेजात यायचा. न कळवता यायचा, आला की मुक्काम ठोकायचा, लिटरवारी तेल प्यायचा, सगळ्यांना कामाला जुंपायचा आणि जाताना काहीतरी राहून गेल्यासारखा फुरंगटून जायचा. बाबा एकदा वैतागून म्हणाले होते की हा ट्रक नाही, ही माझी बहीण आहे. तेव्हापासून ती आत्या. आणि ट्रक आत्या झाल्यावर तिचा मालक आणि चालक असलेला तो लुकडा माणूस आपोआप आतोबा झाला. हे नातं त्याला कुणी विचारून दिलं नव्हतं, पण त्याने ते मनापासून निभावलं. बाबांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात तो आत्याला घेऊन आला होता, आणि आत्याला सावलीत जागा दिली नाही म्हणून न जेवता निघून गेला होता. सख्ख्या आतोबांनी याहून वेगळं काही केलं नसतं.

या वेळी आत्या फाटकातून आत आली तेव्हा आतोबांचा डावा गुडघा गिअरच्या दांड्याला टेकलेला होता आणि दांड्यापासून डॅशबोर्डच्या कडीपर्यंत सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधलेली होती.

"तिसऱ्यात टाकलं की हात झटकते," आतोबा खाली उतरत म्हणाले. गुडघा अजून वाकलेलाच होता. "उतार लागला, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की खट्ट. सरळ न्यूट्रल. आधी हाताने धरायचो. मग गुडघ्याने. मग ट्यूबने. आता तिघांनाही जुमानत नाही."

थोरल्याने दांड्याकडे पाहिलं, ट्यूबकडे पाहिलं, आतोबांच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि त्याच्या पोटात काहीतरी हललं. ती कणव नव्हती. ती आशा होती, आणि त्याला तिची सवय राहिली नव्हती, त्यामुळे त्याला आधी वाटलं की सकाळचं काहीतरी बाधलं.

गॅरेजात मिस्त्री एकच उरला होता, तो थोरला. खरं तर तो अर्धाच मिस्त्री होता. हे कुणी टोमणा म्हणून बोलत नसे. उंची सांगावी तसं सांगत.

याला कारण बाबांचा सिद्धांत. गल्लीच्या तोंडाशी पूर्वी दोन न्हावी भाऊ होते. एका दुकानात होते तोवर गर्दी असायची. मग भांडले, समोरासमोर दोन दुकानं टाकली, एकमेकांची गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीवरून पळवू लागले आणि वर्षाच्या आत दोन्ही दुकानांना कुलपं लागली. बाबांनी हे सगळं जवळून पाहिलं, कारण त्यांची दाढी शेवटी शेवटी एका गालाला इकडे आणि एका गालाला तिकडे व्हायची. त्यांनी निष्कर्ष काढला की दोघांनाही अख्खं डोकं करता येत होतं, म्हणून ते फुटले. एकाला फक्त डावी बाजू आणि दुसऱ्याला फक्त उजवी बाजू येत असती तर मरेपर्यंत एकाच खुर्चीमागे उभे राहिले असते.

एवढा विचार करून कुणीही थांबलं असतं. बाबांनी घरी येऊन अंमलबजावणी सुरू केली.

थोरल्याला त्यांनी खोलायला शिकवलं. कुठला बोल्ट आधी सैल करायचा, गंजलेल्या नटाला कुठून ठोकायचं, शाफ्ट बाहेर ओढताना कुठल्या बेअरिंगला सांभाळायचं, उघडलेल्या भागावरून दुखणं कसं ओळखायचं. धाकट्याला शिकवलं बसवायला. कुठली रिंग कुठल्या गिअरच्या पोटाशी, किती ढिली, किती घट्ट, सील कसं दाबायचं की पुन्हा थेंब गळू नये. थोरल्याचा हात चुकून एखादा नट आवळायला गेला की बाबा तेलकट फडक्याचा फटका मारायचे. धाकट्याने नट उलट्या बाजूला फिरवला की त्यालाही तोच फटका. दोघं मोठे झाले, त्यांची लग्नं झाली, पण ते फटके हातात राहून गेले. थोरल्याला आजही बाटलीचं झाकण फक्त काढता येतं. लावायला तो बायकोकडे देतो. धाकट्याच्या घरी बिस्किटाचा पुडा त्याची बायको फोडते.

दोघांच्या मध्ये एक चादर असायची. आईने कधीतरी टाकून दिलेली, गुलाबांच्या रांगा छापलेली. थोरला गिअरबॉक्स खोलायचा आणि एकेक भाग त्या चादरीवर ठेवत जायचा, प्रत्येकाला आपापला गुलाब. मेन शाफ्टचा तिसरा गिअर दुसऱ्या ओळीतल्या कोमेजलेल्या गुलाबावर, त्याच्या शेजारी त्याची पितळी रिंग, पलीकडे गिअर सरकवणारा फोर्क. चांगला भाग पालथा, खराब भाग उताणा. पोलादाच्या बारीक गोळ्यांना, म्हणजे छर्ऱ्यांना, उताणं-पालथं नसतं, म्हणून खराब छर्रा चादरीच्या बाहेर. मग धाकटा यायचा, चादरीवरून एकदा नजर फिरवायचा, उताणे भाग उचलून नवे आणायला जायचा आणि दुसऱ्या टोकाकडून बसवत यायचा. बोलायची गरजच पडत नसे. बाबा खुर्चीत बसून पाहायचे आणि आपल्या हुशारीने त्यांचा ऊर भरून यायचा. त्यांना आणखी काही वर्षं मिळाली असती तर पुढची गोष्ट पाहून तो रिकामाही झाला असता.

गोष्ट फार मोठी नव्हती. एका पाण्याच्या टँकरचा गिअरबॉक्स दोघांनी मिळून केला आणि आठवडा व्हायच्या आत त्याचं बेअरिंग फुटून रस्त्यात पाणी आणि तेल एकत्र वाहिलं. टँकरवाला गॅरेजात येऊन उभा राहिला आणि भरल्या गल्लीत ओरडला की हे कुणाचं काम. थोरला म्हणाला, "मी फक्त उघडलं. बसवलं त्याने."

वाक्य अक्षरशः खरं होतं. अडचण एवढीच होती की ते बेअरिंग थोरल्याने चादरीवर पालथं ठेवलं होतं. धाकट्याने ते बोटावर फिरवून पाहिलं होतं आणि विचारलंही होतं की दादा, हे उताणं नको का. थोरला म्हणाला होता, चालेल. हे दोघांनाही माहीत होतं, आणि टँकरवाल्याला कधीच कळणार नव्हतं. खोलणाऱ्याला जगात कुणी जाब विचारत नाही. गाडी बंद पडली की सगळे बसवणाऱ्याला शोधतात.

धाकट्याने पाना जागेवर ठेवला आणि नळाखाली जाऊन हात धुतले. एरवी ते दोघे हात रॉकेलमध्ये बुचकळून फडक्याला पुसत. त्या दिवशी त्याने घरात जाऊन अंघोळीचा साबण आणला, नखांखालचं काळं निघेपर्यंत चोळलं, आणि मग पुन्हा एकदा चोळलं. तेव्हाच थोरल्याला कळलं की हा परत येणार नाही.

महिनाभर थोरल्याला वाटत होतं की अर्ध्या कामावर याला कोण विचारणार, झक मारत येईल. पण जगात कशाकशाची सोय असते याची बाबांना कल्पना नव्हती. धाकट्याला एका फर्निचर कंपनीत नोकरी लागली. तिथे कपाटं खोक्यात येतात, फळ्या वेगळ्या, स्क्रू वेगळे, बिजागऱ्या वेगळ्या. माणसाने लोकांच्या घरी जाऊन ती फक्त जोडायची. वस्तू आधीच खोललेली. धाकटा तिथे असा रमला की कंपनीने त्याला वर्षाच्या आत तीन रंगांचे टीशर्ट दिले. इकडे थोरल्याकडे जुन्या गाड्या तोडायला येऊ लागल्या. भंगारवाले सांगत, नुसतं सुटं करून द्या, जोडायचं काही नाही. दोघांची अर्धी अर्धी पोटं भरू लागली. एकमेकांची गरज उरली नाही.

थोरल्याच्या बायकोने मध्ये एक प्रयत्न केला होता. तिने त्या कंपनीचं कपाट मागवलं. खोकं येईल, ते जोडायला भाऊजी येतील, चहा होईल, दोघं समोरासमोर बसतील, असा तिचा बेत होता. कंपनीने भलताच माणूस पाठवला. तो कामाला नवा होता. त्याने कपाट जोडलं आणि दार उलट्या बाजूने बसवलं, त्यामुळे ते भिंतीकडे उघडतं आणि वीतभर उघडून भिंतीला अडतं. तेव्हापासून घरात सगळे कपाटात हात तिरका घालून कपडे काढतात. पुढच्या वेळी काय मागवू, असं तिने नंतर नवऱ्याला विचारलं.

आणि आता आत्या आली होती, तिसरा गिअर सुटत होता, आणि आत्यावर धाकटा बसवायला शिकला होता. बाबांनी त्याला पहिल्यांदा एकट्याने बसवायला दिलेला गिअरबॉक्स आत्याचाच होता. बाबा पाठ करून बसले होते, आणि काम होईस्तोवर वळून पाहिलं नव्हतं. आत्यासाठी तो येईल. इतर कशासाठीही येणार नाही, पण आत्यासाठी येईल.

थोरल्याने नेहमीच्या पद्धतीने तपासायला घेतलं. इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला आणि मूठ कानाला लावली. आतून घरघर ऐकू येत होती ती एकसारखी, म्हाताऱ्या माणसाच्या झोपेसारखी. क्लच दाबला, घरघर थांबली; सोडला, तशीच पुन्हा सुरू झाली. कुठे खरखर नाही. म्हणजे पुढचं बेअरिंग ठणठणीत. खालचा बोल्ट काढून थोडं तेल बोटांवर घेतलं, उन्हात नेऊन चोळलं. पितळेची चमक नाही, पोलादाचा कण नाही. या वयात कुणाचं आतलं इतकं साफ असेल अशी अपेक्षाही करू नये.

मग तो आतोबांना शेजारी बसवून आत्याला रस्त्यावर घेऊन गेला. ट्यूब सोडून ठेवली, गुडघा काढायला लावला. पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर तिसरा टाकला आणि पाय उचलला. खट्ट. पुन्हा टाकला, पाय दाबून धरला, उचलला. खट्ट. तिसऱ्या वेळी त्याने दांड्याकडे न पाहता मागे पाहिलं, जिथे केबिनच्या फटीतून गिअरबॉक्सचं टोक दिसतं. दांडा हलत नव्हता. दांड्यापासून मागे जाणारा लांब रॉडही जागेवर होता. पाय उचलला की अख्खं धूड, इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून, बोटभर पुढे सरकत होतं, आणि जागच्या जागी उभा असलेला रॉड त्याच्या पोटातून तिसरा गिअर ओढून काढत होता. जो हलत नव्हता, त्याच्यावरच गुडघे आणि ट्यूब बांधल्या होत्या.

गॅरेजात आणून त्याने खाली झोपून पहार घातली आणि गिअरबॉक्स जरा उचलून पाहिला. तो ज्यावर टेकतो त्या मागच्या माउंटिंगचं रबर चहात बुडालेल्या बिस्किटासारखं गळून पडलं होतं. जुनं रबर काढायचं, नवं घालायचं, दोन बोल्ट. दुपारच्या चहाच्या आत आत्या घरी.

थोरला ट्रकखाली उताणा पडून राहिला. त्या रबराकडे त्याने बराच वेळ पाहिलं. मग बाहेर आला, कपडे झटकले आणि म्हणाला, "गिअरबॉक्स खोलावा लागेल."

आतोबांचा चेहरा पडला. त्यांनी विचारलं की खोलाल, पण बसवणार कोण. थोरला म्हणाला, बघू.

खोलताना मात्र त्याने कुठेही आळस केला नाही. जॉइंट सोडला, रॉड सोडला, इंजिनाला जोडणाऱ्या बेल हाउसिंगचे बोल्ट एकेक करून काढले, चेन पुलीला लटकवून गिअरबॉक्स असा खाली उतरवला की धाकट्याने पाहिला असता तर मान हलवली असती. चादर झटकून पसरली. गुलाब आता बरेचसे तेलात बुडाले होते, पण जागा पाठ होत्या. मेन शाफ्ट, लेअर शाफ्ट, गिअर, रिंगा, फोर्क, स्प्रिंगा, छर्रे. प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुऊन, बोटावर फिरवून, आपापल्या गुलाबावर. हात आपोआप चालत होते. असं सुख त्याला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं, आणि त्या भरात त्याच्या हातून एक चूक झाली. ती अशी चूक होती की जगात दुसऱ्या कुणाला ती चूक वाटलीही नसती.

बायकोला त्याने फोन करायला सांगितलं. तिने आधी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग केला. "भाऊजी, आत्या आलीय," ती म्हणाली. "खोलून पडलीय. आतोबा टायरवर बसून आहेत." मग धाकट्याने विचारलं की आतोबा जेवले का. ती म्हणाली, हो, पण मनाने नाही. तो सुट्टीच्या दिवशी येतो म्हणाला.

त्या दिवसापर्यंत थोरल्याने गॅरेज झाडलं. धाकट्याचे पाने धुतले. बाबांच्या खुर्चीचा एक पाय लुळा होता तो भिंतीला टेकवून ठेवला. एक वाक्यही तयार केलं. त्या टँकरचं बेअरिंग माझ्याकडून पालथं राहिलं, एवढंच. कॉम्प्रेसरच्या टाकीसमोर उभं राहून ते म्हणून पाहिलं. टाकीने ऐकून घेतलं. आतोबाही ऐकत होते, पण ते टायरवर डोळे मिटून बसले होते आणि झोपल्याचं सोंग त्यांना चांगलं जमायचं.

धाकटा आला तो हिरव्या टीशर्टात. खांद्याला कंपनीची पिशवी. त्याने वहिनीच्या हातचं पाणी घेतलं, आतोबांच्या गुडघ्याची चौकशी केली, थोरल्याकडे पाहून मान हलवली. थोरल्यानेही हलवली. आतोबा म्हणाले की दोघं भाऊ अगदी बैलासारखे भेटता. मग धाकटा चादरीपाशी गेला.

त्याने नजर फिरवली. एकदा, जशी नेहमी फिरवायचा. मग पुन्हा एकदा, जशी कधीच फिरवत नसे. चादरीच्या बाहेर जमिनीवर पाहिलं. वाकून कोपरा उचलून खालीही पाहिलं.

"उताणं काहीच नाही," तो म्हणाला.

थोरल्याच्या तेव्हा ध्यानात आलं. खोटं खोलताना निदान एक रिंग खोटी उताणी ठेवायला हवी होती. सगळा बेत नीट केला होता, बायकोला फोन करायला लावलं होतं, आतोबांना टायरवर बसवून ठेवलं होतं, आणि चादरीवर खोटं ठेवायचं त्याला सुचलंही नव्हतं. हाताला ते येतच नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

"छर्रे?"

"सगळे चादरीवरच आहेत."

धाकट्याने तिसरा गिअर उचलला, त्याचे दात नखाने तपासले आणि होता त्याच गुलाबावर ठेवला. पितळी रिंग बोटावर फिरवली. ती छान फिरली.

"मग सुटत का होता?"

"मागचं रबर गेलंय."

"हे तुला खोलायच्या आधी माहीत होतं," धाकटा म्हणाला. हा प्रश्न नव्हता, त्यामुळे थोरल्याला उत्तर द्यावं लागलं नाही.

आतोबांनी मात्र डोळे उघडले. ते टायरवरून उठले, चादरीपाशी आले आणि आपल्या ट्रकच्या आतड्यांकडे पाहत उभे राहिले. "म्हणजे नख दुखत होतं," ते सावकाश म्हणाले, "म्हणून तुम्ही पोट उघडलंत." थोरला म्हणाला, तसंच काहीसं. आतोबांनी दोन्ही भावांकडे आलटून पालटून पाहिलं. त्यांना राग यायला हवा होता आणि तो निघालाही होता, पण वाटेत कुठेतरी तिसऱ्यातून सुटून न्यूट्रलला आला. ते पुन्हा टायरवर जाऊन बसले.

धाकटा पिशवी घेऊन जाईल असं थोरल्याला वाटलं. तो गेला नाही. त्याने हिरवा टीशर्ट काढून नीट घडी करून पिशवीत ठेवला, खिळ्यावर अजून लटकत असलेला आपला जुना शर्ट चढवला, आणि थोरल्याची आशा पुन्हा उठून बसली. शर्ट घातला म्हणजे. खिळ्यावरचा शर्ट घातला म्हणजे माणूस राहायलाच आला.

"ये इकडे," धाकटा म्हणाला. "बस. बघून घे."

"मी काय करू बघून? तू आहेस की."

"म्हणूनच बघ."

थोरल्याला काही क्षण लागले. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि सगळा प्रकाश नको त्या गोष्टीवर पडला. हा त्याला बसवायला शिकवणार होता. बाबांनी इतकी वर्षं फडक्याचे फटके मारून जे कुलूप घातलं होतं, त्याची किल्ली हा त्याच्या हातात देणार होता, आणि मग कुणालाच कुणाकडे यायचं कारण उरणार नव्हतं.

त्याने न बघायचं ठरवलं. धाकटा म्हणाला, लेअर शाफ्ट आधी, हा असा तिरका घालायचा. तेव्हा थोरला छताकडे बघत होता. धाकटा म्हणाला, या रिंगेची खाच या दातावर; तेव्हा तो आतोबांकडे बघत होता. आतोबांनी त्याच्यावर डोळे वटारले. मग त्याने सरळ डोळे मिटून घेतले, मोठा माणूस इंजेक्शनच्या वेळी मिटतो तसे.

"दादा, डोळे उघड."

"धूर गेलाय डोळ्यात."

"इंजिन बंद आहे."

त्याने उघडले. धाकट्याने त्याचा हात धरून फोर्कवर ठेवला आणि स्वतःच्या हाताने दाबून खाचेत बसवला. इतक्या वर्षांत धाकट्याने त्याचा हात धरला नव्हता. लहानपणी रस्ता ओलांडताना थोरलाच धाकट्याचा धरायचा. फोर्क बसला तेव्हा आतून एक बारीक टक असा आवाज आला, आणि तो आवाज थोरल्याच्या बोटांनी ऐकला. आता तो विसरणं शक्य नव्हतं. डोळे मिटता येतात. बोटांना पापण्या नसतात.

"ऐकलंस?" धाकट्याने विचारलं.

"नाही," थोरला म्हणाला.

"ऐकलंस."

मग त्याने तयार करून ठेवलेलं वाक्य काढलं. जागा चुकीची होती, दोघांचे हात कोपरापर्यंत गिअरबॉक्समध्ये होते, पण दुसरी जागा मिळेल असं दिसत नव्हतं. "त्या टँकरचं बेअरिंग," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मी सांगणार होतो."

"बारा नंबरचा दे."

त्याने बारा नंबरचा पाना दिला. वाक्याचा उरलेला भाग तसाच राहिला. धाकट्याने नट आवळला, मग अर्धा फेरा मागे घेतला, मग पाना थोरल्याच्या हातात देऊन उरलेला अर्धा फेरा त्याला फिरवायला लावला. थोरल्याचा हात फिरताना त्याची मान आपोआप खाली गेली, फटका येणार म्हणून. फटका आला नाही. बाबांची खुर्ची भिंतीला टेकून उभी होती.

दुपारनंतर गिअरबॉक्स वर चढला. नवं रबर घातलं, दोन बोल्ट. तेवढं काम खरं, बाकी सगळं फुकटचं. आतोबांनी आत्याला टाकीच्या उताराला नेऊन आणलं आणि केबिनमधून खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा विचित्र झाला होता. तिसरा जागेवर राहिला होता. पाय काढला तरी राहिला, खड्ड्यात आदळली तरी राहिला. आतोबा म्हणाले की सगळं ठीक आहे, फक्त आता या गुडघ्याचं काय करावं ते कळत नाही. जाताना त्यांनी ट्यूबची पट्टी सोडून गॅरेजातच ठेवली, वापरून झालेल्या पाहुण्याच्या टॉवेलसारखी, आणि आत्या या खेपेला न फुरंगटता गेली. ते जरा वाईटच दिसलं.

धाकट्याने शर्ट काढून खिळ्याला लावला. मग थांबून खिळ्यावरून परत काढला, गुंडाळला आणि पिशवीत घातला. हात धुवायला घरात गेला तेव्हा वहिनीने न विचारता साबण पुढे केला. तिने कपाट दाखवायचा विचार केला होता. दार उघडून दाखवलंही. ते वीतभर उघडलं आणि भिंतीला लागलं. धाकट्याने बिजागरीकडे पाहिलं, चुकचुकला, आणि म्हणाला की यात काही नाही, आता दादालाही येईल.

फाटकापाशी थोरला उभा होता. धाकटा म्हणाला, "पुन्हा माझ्यासाठी कुणाची गाडी खोलू नकोस, दादा."

थोरला म्हणाला, "बरं." धाकटा गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, जिथे पूर्वी दोन न्हाव्यांची दुकानं होती, आणि वळून दिसेनासा झाला.

त्यानंतर एका टेंपोचा गिअरबॉक्स आला. दुसरा गिअर टाकताना किरकिरत होता. थोरल्याने खोलला, पितळी रिंग गेलेली होती, ती चादरीवर उताणी ठेवली आणि बराच वेळ चादरीसमोर बसून राहिला. कुणी येणार नव्हतं. मग तो स्वतःच उठून चादरीच्या दुसऱ्या बाजूला गेला. तिथून गुलाब उलटे दिसत होते. त्याने नवी रिंग आणली आणि मनोमन एकच आशा ठेवून बसवायला घेतलं, की जमणार नाही. काहीतरी उरेल, काहीतरी अडकेल, फोन करावा लागेल. सगळं बसलं. टक असा आवाजही आला, जागच्या जागी, पहिल्याच दाबाला. चादरीवर एक वॉशरसुद्धा उरला नाही. त्याने चादर झटकून पाहिली.

टेंपोवाला चक्कर मारून आला आणि खूश होऊन म्हणाला की धाकटा परत आला वाटतं, हात ओळखू येतो. थोरल्याने जुनं वाक्य बोलायला तोंड उघडलं. मी फक्त उघडलं, बसवलं त्याने. वाक्य अर्ध्या वाटेवर थांबलं, कारण ते आता खरं नव्हतं आणि पुन्हा कधी खरं होणारही नव्हतं.

"मीच बसवलं," तो म्हणाला. टेंपोवाल्याने ऐकलंही नाही, त्याने आधीच दुसरा टाकला होता.

संध्याकाळी बायकोने कपाटातून हात तिरका घालून त्याचा धुतलेला सदरा काढला आणि सहज म्हणाली की आता तुम्हाला येतं ना सगळं, मग एवढं दार तेवढं नीट बसवून टाका. चार स्क्रू आहेत.

थोरला कपाटापाशी गेला. बिजागरी पाहिली. काय चुकलंय ते दिसत होतं, कसं सुधारायचं तेही दिसत होतं, आणि नको असताना बोटं त्या दिशेने निघालीही होती. त्याने ती खिशात घातली.

"हे माझ्याच्याने व्हायचं नाही," तो म्हणाला. "याला बसवणारा माणूस लागतो."

बायकोने सदरा त्याच्या हातात दिला. दार तसंच आहे.